बंदरात माल ओळखीचा नसतो

एका ताईंचा प्रश्न आहे: "माझा धाकटा भाऊ बडोद्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात चार वर्षं सेफ्टीत आहे. आता त्याला दहेजकडच्या एका जेट्टीवर नोकरी मिळतेय. तिथे कोळसा, खत, क्वचित धान्य असा सुटा माल उतरतो. आई घाबरली आहे. तो म्हणतो, इथे ॲसिड आणि क्लोरीन सांभाळलं, तिथे कोळशाला काय घाबरायचं? बंदरात खरे धोके कोणते? आणि बडोद्याहून रोज ये-जा जमेल का?"

ताई, भावाचं वाक्य वाचून हसू आलं, कारण कांडल्याला जाताना मीही घरी हेच बोललो होतो. मी बडोद्याच्या दांडिया बाजारातला. आधी तीन वर्षं एका खत कारखान्यात, मग सत्तावीस वर्षं बंदरांवर, आणि आता निवृत्तीनंतर कंटेनर डेपोंमध्ये अधूनमधून तपासणीला जातो. आईंची भीती अगदीच खोटी नाही, पण त्या बहुधा क्रेन कोसळेल, जहाज बुडेल अशा गोष्टींना घाबरत असतील. मी पाहिलेले मृत्यू त्याहून फार साध्या ठिकाणचे आहेत.

भावाला आधी एक फरक समजावा. कारखान्यात माल ओळखीचा असतो. रोज तेच टँक, तेच पाइप, तोच वायू. सायरन कशासाठी वाजला हे आवाजावरून कळतं. बंदरात दर चार दिवसांनी नवा पाहुणा येतो. आज इंडोनेशियाचा कोळसा, परवा युरिया, मग गंधक, मग न्यूझीलंडचे ओंडके. तो कुठे भरला, वाटेत भिजला का, त्यावर कोणतं औषध मारलं, हे सगळं दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या देशात, कागदावर लिहिलेलं असतं. कागद आणि माल यांत फरक असेल तर तो पहिल्यांदा कळतो खाली उतरणाऱ्या मजुराला. माझ्या मते बंदरातल्या सुरक्षेचं बरंचसं काम म्हणजे त्या कागदावर शंका घेणं.

सुरुवात जहाजाच्या पोटापासून करतो, कारण तिथेच मी माणसं गमावली आहेत.

मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. बंदराचं नाव सांगत नाही. ओंडक्यांचं जहाज होतं. पावसामुळे हॅच, म्हणजे मालाच्या कप्प्यावरची झाकणं, तीन दिवस बंद. चौथ्या सकाळी झाकणं उघडली, वरून ऊन पडलं, खाली ओंडके लख्ख दिसत होते. होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यात, उतरायला दोन वाटा असतात: एक सरळ उभी शिडी आणि दुसरी पत्र्याच्या बंद खोक्यातून जाणारी वळणाची शिडी. मोठं झाकण उघडलं तरी त्या खोक्यातली हवा तशीच राहते. ओंडक्यांना स्लिंग, म्हणजे उचलायचा दोर, लावायला निघालेला एक पोरगा त्या वाटेने उतरला. मधल्या टप्प्यावर बसल्यासारखा झाला आणि हलेना. त्याच्या मागचा 'अरे काय झालं' म्हणत उतरला, तोही तिथेच पडला. तिसरा निघाला तेव्हा मुकादमाने त्याची कॉलर पकडली आणि तोंडात मारली, अक्षरशः. तो तिसरा आज हयात आहे. पहिले दोघे नाहीत.

लाकूड काही विष सोडत नव्हतं. ओलं लाकूड हवेतला ऑक्सिजन खात होतं, बस. आपण श्वास घेतो त्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. तो १६ च्या खाली गेला की डोकं काम करेनासं होतं, १० च्या खाली शुद्ध जाते, आणि ६ च्या आसपास काही मिनिटांत सगळं संपतं. यात वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. गुदमरल्याची जाणीव शरीराला कार्बन डायऑक्साइड साठला की होते, ऑक्सिजन घटल्याने फारशी होत नाही. म्हणून ॲसिडपेक्षा हे वाईट. ॲसिड निदान आपण आलो असं सांगतं.

ओंडके, कोळसा, गंजणारं भंगार, खोबरं, पेंड, सगळेच ऑक्सिजन खातात. कोळसा वर मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडही सोडतो. तेव्हा भावाचं 'कोळशाला काय घाबरायचं' हे वाक्य त्याने त्या खोक्याच्या शिडीच्या तोंडाशी उभं राहून पुन्हा म्हणून पाहावं.

त्याला कारखान्यातून चार वायूंच्या मीटरची सवय असेल: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. तोच इथेही लागतो, पण मापायची रीत वेगळी. तोंडाशी वाकून मीटर धरणारे मी खूप पाहिले. नळी खाली सोडायची आणि वर, मध्ये, तळाशी अशा तिन्ही पातळ्यांवर मापायचं. दोन्ही शिड्यांचं वेगवेगळं मापायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर परत मापायचं. आणि पडद्यावर २०.१ दिसलं तर '१९.५ च्या मर्यादेवर आहे ना, चला' असं म्हणायचं नाही. हवेत ऑक्सिजनचा वाटा साधारण पाचवा. दुसरा वायू आत शिरून ऑक्सिजन एक टक्का घटला असेल, तर त्या वायूने जवळजवळ पाच टक्के जागा व्यापली आहे. तो वायू कोणता हे मीटर सांगत नाही. काही वायू दहा लाखांत काही शे भाग झाले तरी माणूस आडवा करतात, आणि तेवढ्याने ऑक्सिजनचा काटा हलतसुद्धा नाही.

बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत बरेच जण वाचवायला गेलेले असतात, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. माझा अनुभव वेगळा नाही. आपली माणसं भित्री नाहीत, हाच घोळ आहे. एकाच गावची, एकाच खोलीत राहणारी टोळी असते. भाऊ पडला तर भाऊ उडी मारणारच. त्यामुळे पोस्टर लावून भागत नाही. शिडीच्या तोंडाशी एक माणूस असा लागतो ज्याचं काम फक्त लोकांना अडवणं आहे, आणि शेजारी श्वसनयंत्र, दोर, तिपाई तयार लागते. भावाने रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारावं: माणूस होल्डमध्ये बेशुद्ध पडला तर त्याला वर कशाने काढणार? 'क्रेनने काढू' असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न: ती मॅन बास्केट, म्हणजे माणूस उचलायचा पिंजरा, कुठे आहे, आणि तिचा सराव शेवटचा कधी झाला?

आता धूरी. धान्य आणि लाकडात कीड मरावी म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. ओल लागली की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. आपल्याकडे धान्याच्या कोठीतही त्या सर्रास वापरतात, त्यामुळे लोकांना त्यांचं काही वाटत नाही. फॉस्फिनची आठ तासांची मर्यादा दहा लाखांत फक्त ०.३ भाग इतकी आहे. मी वर सांगितलेला चार वायूंचा मीटर तो पकडत नाही, त्याला वेगळी नळी किंवा वेगळा सेन्सर लागतो. सडक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास येतो खरा, पण नाकावर विसंबू नये, नाक थोड्या वेळात सरावतं. आणि गोळ्या पूर्ण निकामी झालेल्या नसतात. राखाडी पावडरीच्या पुड्या धान्यात तशाच सापडतात. त्या झाडून एका डब्यात गोळा केल्या, वर पाणी पडलं आणि डबा पेटला, हे मी एकदा पाहिलं आहे. झाडणाऱ्या बायकांना कोणी सांगितलंच नव्हतं ती पावडर काय आहे. धूरीचा दाखला, वापरलेल्या गोळ्यांचा हिशोब आणि 'वायू निघून गेला' हे प्रमाणपत्र, हे तिन्ही हातात आल्याशिवाय झाकणाखाली माणूस पाठवू नये. जहाजाचा अधिकारी हसून 'ऑल ओके' म्हणेल. त्याला पुढच्या बंदराची घाई असते.

कोळशाचं दुसरं लक्षण म्हणजे तो स्वतःहून तापतो. हलक्या प्रतीचा, ओलसर, बारीक कोळसा ढिगात पडून राहिला की आतून गरम होत जातो. समुद्री वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संहितेत कोळशासाठी ५५ अंश ही धोक्याची पातळी धरली आहे. आवारातल्या ढिगालाही मी तोच आकडा लावत असे. रात्री ढिगातून पांढरी वाफ निघताना दिसते, आणि नवा माणूस पाण्याचा पाइप घेऊन धावतो. पाणी वरून मारलं तर आत पोहोचत नाही, उलट ढीग फुटून हवा आत शिरते. तापलेला भाग लोडरने बाजूला काढायचा, पसरायचा, थंड करायचा, मग दाबून पुन्हा रचायचा. ढीग रचतानाच थरांवर यंत्र फिरवून दाबला तर निम्मा त्रास वाचतो.

आणि धूळ. जेट्टीवर फवारे असतात, हॉपरवर, म्हणजे माल ओतायच्या नरसाळ्यावर, आच्छादन असतं, निदान निविदेत तरी असतं. कोळशाची धूळ काळी असल्याने लोक ओरडतात. मला जास्त भीती फिकट धुळीची वाटते. बार्सिलोनात १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून एकाच दिवशी डझनांनी लोक दम्याने रुग्णालयात येत. असे २६ दिवस नोंदले गेले. हवा, कारखाने, परागकण, सगळं तपासलं. शेवटी सापडलं ते बंदर: ज्या दिवशी सोयाबीन उतरे त्याच दिवशी शहराला दमा होई. तिथल्या एका कोठाराला धूळ गाळणाऱ्या पिशव्याच बसवल्या नव्हत्या. पिशव्या बसवल्यावर साथ थांबली. शहराला दमा होत होता, मग त्या कोठाराखाली उभ्या मजुरांचं काय होत असेल? धान्य, पेंड, गंधक यांची धूळ हवेत दाट झाली तर ठिणगीने स्फोटही होतो. गंधकाने डोळे इतके झोंबतात की क्रेनवाला डोळे चोळत ग्रॅब, म्हणजे माल उपसणारा लोखंडी जबडा, चालवतो, तो धोका वेगळाच. भावाने मजुरांना कापडी रुमालाऐवजी धुळीचा खरा मास्क मिळतो का ते पाहावं, आणि दाढीवर तो बसत नाही हेही लक्षात ठेवावं. या एका वाक्यावरून माझी किती भांडणं झाली आहेत!

पर्यावरण म्हटलं की झाडं लावल्याचे फोटो काढतात. जेट्टीवर खरी गळती होते ती ग्रॅबच्या जबड्यातून, जहाज आणि धक्का यांच्यामधल्या फटीत. तिथे ताडपत्री किंवा तिरका पत्रा लावला नाही तर दर जहाजामागे काही टन युरिया सरळ खाडीत जातो. पावसाळ्यात ढिगांवरून वाहणारं काळं पाणी गाळ बसण्याच्या तळ्यात जातं की गटारातून थेट समुद्रात, हे पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन स्वतः पाहावं. कागदावरचा नकाशा कोरडा असतो.

इथे जरा बाजूला जातो, पण विषय तोच आहे. बंदराचा धोका बंदरात सुरू होत नाही, तो आपल्या बडोद्याशेजारच्या दशरथ गावातल्या कंटेनर डेपोत सुरू होतो. छाणीच्या पुढच्या त्या डेपोत आपल्याच पट्ट्यातल्या कारखान्यांचे कंटेनर सील होतात. मी तिथे उभा राहून पाहिलं आहे: ड्रम एका बाजूला, मधे मोकळी जागा, बांधायला सुतळी. जहाज डोललं की ते ड्रम एकमेकांवर आपटणार, आणि दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर येणार. माल धोकादायक वर्गात दाखवला तर भाडं वाढतं, म्हणून साध्या नावाने पाठवायचा मोहही असतो. वजनाचंही तसंच. २००७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यापाशी सोडून द्यावं लागलेल्या एमएससी नेपोली जहाजावरचे डेकवरचे कंटेनर नंतर तोलले, तेव्हा साधारण पाचांत एकाचं वजन सांगितल्यापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळं निघालं. १ जुलै २०१६ पासून भरलेला कंटेनर किंवा त्यातला सगळा माल प्रत्यक्ष तोलल्याशिवाय तो जहाजात चढवता येत नाही, त्यामागे अशा गोष्टी आहेत.

गळणाऱ्या कंटेनरचं काय होतं याचं उदाहरण आपल्याच गुजरातच्या वाटेवरचं आहे. मे २०२१ मध्ये एक्स-प्रेस पर्ल नावाचं जहाज नायट्रिक ॲसिडचा गळका कंटेनर घेऊन कतारमधल्या हमद बंदरात आणि मग आपल्या हजिऱ्याला आलं. दोन्हीकडे तो उतरवून घेतला गेला नाही. जहाज तसंच कोलंबोला गेलं, तिथे पेटलं आणि पुढे बुडालं. प्लॅस्टिकचे बारीक दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर ढिगांनी लागले. नाही म्हणण्यामागे कारणं असतील, गळका कंटेनर उतरवायला जागा, माणसं आणि उतारा सगळं तयार लागतं. मला तेच विचारायचं असतं: तुमच्या आवारात असा कंटेनर ठेवायचा खड्डा आहे का? मोठमोठ्या ठिकाणी या प्रश्नावर शांतता पसरते. २५ मे २०२५ ला कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं, त्यात कॅल्शियम कार्बाइडचे कंटेनर होते. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन हा पेट घेणारा वायू निघतो. म्हणजे आग लागली आणि अग्निशमनवाल्याला आत काय आहे ते माहीत नसेल, तर त्याच्या हातातलं पाणीच उलटतं.

तशीच पडून राहिलेल्या मालाची गोष्ट. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या गोदामातलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर आपल्याकडे शोधाशोध झाली, तर चेन्नईजवळच्या एका कंटेनर डेपोत २०१५ पासून जप्त केलेलं सुमारे ७०० टन नायट्रेट पडून होतं. ते घाईघाईने हैदराबादला हलवलं. जप्तीचा माल कुणाचाच नसतो, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. कुठल्याही आवारात गेलो की मी आधी कोपऱ्यातले जुने, रंग उडालेले कंटेनर कोणाचे ते विचारतो.

आणि मुंबईचा १४ एप्रिल १९४४ तर मराठी माणसाला सांगायलाच नको. व्हिक्टोरिया डॉकमधल्या फोर्ट स्टिकिन जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि कराचीत त्याच जहाजात कापसाच्या गाठी भरल्या होत्या. आग कापसाला लागली. पाणी मारणारे अग्निशमन दलाचे जवान जहाजावर आणि धक्क्यावरच होते तेव्हा पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. स्फोटकं आणि कापूस वेगवेगळे ठेवले असते तर दोन्ही माल आपापल्या जागी गप्प बसले असते. आज कुठला वर्ग कुठल्या वर्गाशेजारी ठेवायचा नाही याचा तक्ता असतो. तो तक्ता भावाच्या कार्यालयात भिंतीवर असेल. यार्डात क्रेन चालवणाऱ्याला तो माहीत आहे का, हे विचारावं.

यंत्रांबद्दल थोडक्यात, कारण ते त्याला दिसेलच. बंदरात सर्वांत जास्त माणसं वाहनांखाली जातात: रिव्हर्स येणारे डंपर, लोडर, रात्री, धुळीत. पायी चालणाऱ्याची वाट रंगाने दाखवून उपयोग नाही, कठडा लागतो. ग्रॅबखाली कोणी नको हे सगळे म्हणतात, पण होल्डच्या कडेला चिकटलेल्या मालाच्या उभ्या भिंती विसरतात. मधला माल काढला की कडेचा चार-पाच मीटरचा कोळसा किंवा खत भिंतीसारखं उभं राहतं आणि झाडायला उतरलेल्यांवर कोसळतं. पाऊस पडून सुकलेलं खत तर दगड होतं. आधी यंत्राने भिंत पाडायची, मग माणूस. वायररोपचा, म्हणजे क्रेनच्या तारेच्या दोराचा, नियम भाऊ पाठ करू शकेल: दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या १० टक्क्यांहून जास्त असल्या तर तो दोर बाद. पाठ करून झाला की हातमोजा घालून स्वतः मोजावा. मी एकदा मोजायला बसलो तर मुकादम म्हणाला, 'साहेब, दोर कालच तपासला.' कोणी तपासला ते मात्र त्याला सांगता येईना.

दहेजची एक खास गोष्ट म्हणजे पाणी. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठा, काही ठिकाणी दहा मीटरच्या आसपास, आणि प्रवाह जोरदार. जहाज सहा तासांत दोन-तीन मजले वर आणि सहा तासांत तेवढंच खाली. जहाजावर जायचा गँगवे सकाळी सपाट असतो, तो दुपारी जिन्यासारखा होतो. बांधलेले दोर ताणतात, सैल पडतात, पुन्हा ताणतात. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा येतो. पूर्वी डेकवर रंगाने धोक्याचे पट्टे आखत, आता बहुतेक जाणकार म्हणतात की दोर ताणलेला असताना आसपासचा सगळाच डेक धोक्याचा. त्या प्रवाहात पडलेला माणूस पोहून येत नाही, कितीही चांगला पोहणारा असो. लाइफ जॅकेट उकाड्यात नको वाटतं. बडोद्याच्या माणसाला याबद्दल जास्त सांगावं लागू नये. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्या बोटीत अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. आणि तो तर तलाव होता.

वाऱ्याचंही बघावं. साधारण ताशी ७२ किलोमीटरला मोठ्या क्रेन थांबवतात आणि पिना टाकून जखडतात, पण वादळाची गोष्ट क्रेनपुरती नसते. ९ जून १९९८ ला कांडल्यावर चक्रीवादळ आलं तेव्हा मी सुट्टीवर बडोद्यात होतो. परत गेलो तेव्हा जे पाहिलं ते इथे लिहिणार नाही. हजाराहून अधिक माणसं गेली, त्यातली बरीच मिठागरांतली आणि झोपड्यांतली मजूर मंडळी. इशाऱ्याचा बावटा बंदरावर चढतो, तो झोपडीपर्यंत वेळेत पोहोचला नाही. भावाने विचारावं: दहा नंबरचा बावटा लागला तर ठेकेदाराची माणसं कोणत्या बसने, कुठे जाणार? कायम कामगारांची यादी सगळीकडे असते, ठेक्याच्या माणसांची नसते.

उन्हाचं एवढंच: मे महिन्यात होल्डच्या तळाशी पत्रा चारही बाजूंनी तापलेला असतो, वारा नसतो. दुपारचं काम सकाळी-संध्याकाळी हलवावं, ताक आणि मीठ-साखरेचं पाणी खाली पोहोचवावं. वर पाण्याचं टाकं ठेवून उपयोग नाही, तीस फूट शिडी चढून कोणी पाणी प्यायला येत नाही. गोणी उचलण्याबाबत ५५ किलो ही एका माणसासाठीची वरची मर्यादा मानतात. पूर्वी शंभर किलोच्या गोणी पाठीवर वाहणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यातला एकही साठीत सरळ उभा राहत नव्हता.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदा १९८६ चा, त्याखालची नियमावली १९९० ची, आणि तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावून घेतला आहे. कांडला हे केंद्राचं महाबंदर. दहेज, हजिरा ही गुजरात मेरीटाइम बोर्डाच्या अखत्यारीतली, तेव्हा तपासणी करणारं कार्यालयही वेगळं. उचलणारी यंत्रं दर वर्षी सक्षम माणसाकडून तपासून घ्यायची आणि पाच वर्षांनी भार लावून चाचणी करायची, हे कुठेही चुकत नाही. निदान रजिस्टरमध्ये चुकत नाही.

खरी परीक्षा मात्र पहाटे तीनला होते. जहाज थांबलं की तासाच्या हिशोबाने पैसे चढतात. शिपिंग एजंट, ठेकेदार, शिफ्टचा साहेब सगळे फोनवर असतात, आणि चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराला 'वायू मोजेपर्यंत कोणी उतरणार नाही' असं म्हणायचं असतं. भावाने नोकरी स्वीकारण्याआधी मुलाखतीतच विचारावं: काम थांबवायचा अधिकार मला लेखी आहे का, आणि गेल्या वर्षभरात कोणी तो वापरला का? 'आमच्याकडे कधी थांबवायची वेळच आली नाही' असं उत्तर मिळालं, तर मी तरी तिथे जाणार नाही. दुसरं विचारावं की फॉस्फिनचा मीटर आहे का. तो असेल तर तिथे कोणीतरी विचार करणारा माणूस आहे, एवढं कळतं.

आता ये-जा. बडोद्याहून भरूच आणि तिथून दहेज, म्हणजे एका बाजूला शंभरावर किलोमीटर. बारा तासांची रात्रपाळी संपवून सकाळी सातला मोटरसायकलवर निघालेली माझ्या ओळखीची दोन मुलं घरी पोहोचली नाहीत. दोघंही जेट्टीवर अगदी काळजीपूर्वक वागणारी होती. भरूच-दहेज रस्त्यावर टँकर आणि ट्रेलरच जास्त, आणि पहाटे त्यांचे चालकही झोपेत असतात. कंपनीची बस असेल तर बसनेच जावं, नाहीतर निदान पहिले सहा महिने भरूचला खोली घ्यावी आणि सुट्टीला घरी यावं. आईंना सांगा, रोज फोन करायला हरकत नाही, फक्त सकाळी सात ते दुपारी दोन करू नका, त्या वेळात त्याला झोपू द्या.